न सुटलेल्या मिठीचा खुलासा

मु. पो. पिंपळी, ता. बारामती
श्रावणी सोमवार

राजमान्य राजेश्री व्याहीबुवा विजयसिंहराव यांच्या सेवेशी, पिंपळीहून रामहरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रिवाज म्हणून लिहिलेला नाही. हल्ली मला नमस्काराचा तेवढा एकच प्रकार नीट जमतो. कंबरेत वाकून करायचा जमत नाही, गुडघे टेकून करायचा जमत नाही. साष्टांग मात्र कधीही, कुठेही, आणि बऱ्याचदा माझी इच्छा नसतानाही घडतो. नंतर उठवायला तीन माणसं लागतात, एवढीच काय ती अडचण.) इकडे सर्व क्षेम आहे. तिकडे आपली प्रकृती, विहीणबाईंचे गुडघे, खोडव्याचा ऊस आणि नवी घेतलेली म्हैस ही सर्व मंडळी खुशाल असतील अशी आशा करतो. म्हैस लाथ मारते असं कानावर आलं. तिला रागे भरू नये, नव्या घरी रुळायला कुणालाही वेळ लागतो.

फोन सोडून कागद का, असं आपल्या मनात येईल. तर आपण माझा नंबर ब्लॉक केलात, आपल्या सुनेच्या, म्हणजे आमच्या राजलक्ष्मीच्या, आईचा केलात, आणि सोयऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला अशा वेळी काढलंत की माझा सुप्रभातचा गुलाब अर्ध्या वाटेत अडकला. नंतर आमच्या भिमाच्या फोनवरून लावला, तर आपण ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलात. आवाज आपलाच होता, खाकरण्यासकट. कागदाला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतो. तेव्हा फाडायच्या आधी वाचावा एवढी विनंती. पत्र भिमाच्याच हाती धाडतो आहे. हा माझा चुलत पुतण्या, इंदापूरला भाजीचा टेम्पो घेऊन जातो आणि वाटेत लासुर्ण्याला आपल्या दारात थांबेल. आपल्या दोघांत जे काही झालं त्याला सुरुवात त्याच्यापासून झाली, म्हणून मुद्दाम त्यालाच पाठवतो. चार शब्द त्यालाही तिथल्या तिथे ऐकवून घ्यावेत.

आता लग्नातल्या त्या प्रकाराकडे वळतो. (आपण दात खाताय हे इथे ऐकू येतंय. थोडा दम धरावा.) आपल्याकडची व्याहीभेट आपल्याला ठाऊकच आहे: मंडपाच्या तोंडाशी दोन्ही बापांनी टोपी-टॉवेल द्यायचा, टिळा लावायचा, गळाभेट घ्यायची आणि जमलं तर एकाने दुसऱ्याला उचलायचं. उचलणारा तो वरचढ, उचलला गेला तो खालचा, आणि मग दोन्हीकडच्या बायका जन्मभर तेच उगाळणार. माझा तसला काही म्हणजे काही इरादा नव्हता. आपण तालुक्यात गदा मिळवलेले पैलवान. मला उसाची मोळी उचलतानाही दोनदा विचार करावा लागतो. मी आपला सरळ मनाने आपल्या कमरेला हात घातले (गळ्यापर्यंत हात पोचत नव्हते म्हणून कमरेला), आणि नेमक्या त्याच वेळी भिमाने आमच्या मागे येऊन ते रंगीत कागद उडवायचं नळकांडं फोडलं.

आवाज झाला आणि माझं अंग पोटापासून मानेपर्यंत लाकूड झालं. हात आपल्या कमरेला होते ते तिथेच कुलूप लागल्यासारखे बसले. आपण आधी हसलात. मग कानात म्हणालात, “सोडा की आता, रामहरीराव.” मी सोडणार कसा? जबडासुद्धा हलेना. आपण परत म्हणालात, “आवं सोडा, लोकं बघत्यात.” लोक बघत होतेच, शिट्ट्याही मारत होते, आणि त्या शिट्ट्यांनी मी आणखी आवळत चाललो होतो. तेव्हा आपल्या अंगातला पैलवान जागा झाला आणि आपण मला टांग मारलीत. (टांग पद्धतशीर बसली, त्यात खोट काढायला जागा नाही.) पण टांग मारून माणूस पाडायचा तर तो कुठेतरी मोडायला हवा, आणि मी कुठेच मोडत नव्हतो. मी अख्खाच्या अख्खा पडलो. मिठी सुटलेली नसल्यामुळे आपणही माझ्याबरोबर आलात, आणि जाताजाता दोघेही फिरून रुखवतावर गेलो.

त्या रुखवतात राजलक्ष्मीच्या मावशीने, म्हणजे आमच्या गोजरबाईने, महिनाभर खपून बिस्किटांचा साखर कारखाना केला होता. काडेपेटीच्या ट्रॉल्या, खडीसाखरेची पोती, वजनकाट्यावर सुपारीचा कारकून. आपण नेमके गव्हाणीवर बसलात, जिथून ऊस आत जातो तिथे. शेजारी धुराडं होतं आणि त्यात उदबत्ती पेटती होती, हे मला नंतर कळलं. त्या उदबत्तीबद्दल मी वेगळी दिलगिरी व्यक्त करतो, ती बाकीच्या प्रकरणात मिसळू नये. पुढे कुणा टारगटाने त्या व्हिडिओला हलगी लावून ‘पिंपळीच्या पठ्ठ्यानं लासुर्ण्याचा वाघ चितपट केला’ असं लिहून तो गावोगाव फिरवला आणि वालचंदनगरच्या क्वार्टरमधल्या आपल्या साडूंनीही तो पाहिला. त्यात माझा हात नाही. मला त्या वेळी स्वतःची करंगळीही हलवता येत नव्हती.

यावर आपण आपल्या ओसरीत पाच माणसांदेखत जाहीर केलंत, “रामहरी माज्या दारात यून वाकून नमस्कार करत न्हाय, तवर सून म्हायेराला जायाची न्हाय. पयलं बाळंतपनबी हितंच व्हईल.” विजयसिंहराव, शिक्षा फार मोठी झाली. लग्नाला वर्ष उलटलं. पहिली पंचमी गेली, पहिली दिवाळी गेली. पोरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या आईने, द्वारकाने, मळ्यातल्या चिंचा काढून मीठ लावून ठेवल्या, त्या बरणीतच राहिल्या. आमच्या घरात एकच लेक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही काही मी काढलेली टूम नाही, आपली आजी-पणजीसुद्धा त्यासाठी बैलगाडीतून माहेरी गेली असेल. मला रात्रंदिवस तेवढीच एक गोष्ट टोचत होती.

आपण म्हणाल, एवढं टोचत होतं तर वाकायला का आला नाहीत? आलो होतो. संक्रांतीनंतर तिळगूळ घेऊन आलो होतो, आणि आपण मला अंगणात पाहिलंही होतंत. काय घडलं ते माझ्या बाजूने ऐका. मी उंबऱ्यापाशी येऊन वाकायला सुरुवात केली. तिसरा हिस्सा वाकून झाला असेल, तेवढ्यात आपलं कुत्रं भुंकलं. त्याबरोबर मी उलटा सरळ झालो, नुसता सरळ नव्हे, मागच्या बाजूला कमान झाली, छाती वर आणि पोट पुढे. आपण दारातून पाहिलंत आणि म्हणालात, “माज्याच दारात यून मलाच छाती दावतोय!” आणि आत जाऊन कडी लावलीत. कडीचा आवाज झाला आणि मी तिथल्या तिथे आडवा झालो. एवढा सरळ, एवढा मनापासूनचा साष्टांग मी देवालाही कधी घातला नसेल. पण तो गेला आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या नावावर. नाक फुटलं. मला उचललं ते आपल्या ऋषिराजने. पोरगं म्हणालं, “मामा, ह्यो राग न्हाय आन् माज बी न्हाय. ह्ये कायतरी दुखनं हाय.” अख्ख्या दोन तालुक्यांत हे पहिल्यांदा त्याला कळलं. तो आपला मुलगा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुखणं तर लग्नाच्या आधीपासूनच होतं. सुरुवात पाठीत झाली. वाकून बूट घालता येईना, मग चप्पल घालायला लागलो. गाडीत मागे वळून बघता येईना, मग मागे बघायचं सोडून दिलं. गावात बोलबाला झाला की इंदापूरचा मोठा सोयरा मिळाला म्हणून रामहरी छाती काढून चालतो. बारामतीच्या हाडाच्या डॉक्टरांनी पाठीचे सगळे फोटो काढले. फोटो इतके सुरेख आले की ते म्हणाले, “काही दोष नाही, पट्टा बांधा.” पट्टा बांधला. आधीच ताठ माणूस, त्याला पट्टा! मग माळेगावचा एक मालिशवाला झाला. त्याने गरम तेल लावलं, चांगलं चोळलं, आणि शेवटी खुशीने पाठीवर एक सणसणीत थाप मारली. मी फळीसारखा झालो, डोळे उघडेच. त्याने नाकाशी हात धरून पाहिला, काय समजायचं ते समजला आणि तेलाची वाटी, टॉवेल, चपला सगळं टाकून पळाला. वाटी अजून आमच्याकडेच आहे, चांगली पितळेची आहे.

रस्ता ओलांडणं हा तर वेगळाच अध्याय. भिगवण चौकात मधोमध आलो आणि ट्रकने हॉर्न दिला की मी दुभाजकाचा भाग होऊन बसायचो. एकदा एका हवालदाराला दया आली आणि त्याने मला कडेला उचलून पलीकडे नेऊन ठेवलं. मला जायचं होतं अलीकडे, पण सांगणार कोण? या भीतीने मी चौकाच्या नावानेच घामाघूम व्हायला लागलो, आणि मग लोकांनी ठरवलं की हे मनाचं आहे. (काहींनी ठरवलं की हे बाटलीचं आहे. माझ्या गळ्यात माळ आहे हे ते सोयीस्कर विसरले.) मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. ते म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मी म्हणालो, मी घेत नाही, ट्रकवाले देतात. त्यांनी झोपेची एक गोळी दिली, आणि नवल असं की त्या गोळीने दोन-चार तास पाठ सैल पडायची. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे डॉक्टरबाईंना तिचाच फार उपयोग झाला.

मधल्या काळात मी कारखान्याच्या वार्षिक सभेतही गाजलो, ते आपल्यापर्यंत आलं असेलच, पण उलटं आलं असेल. मी विरोधी बोलायला उभा राहिलो नव्हतो. मी चहाला जायला उठत होतो. अर्धा उठलो आणि माईक किंचाळला. मी जागच्या जागी उभा, मान ताठ, डोळे थेट व्यासपीठावर. अध्यक्ष म्हणाले, “पिंपळीच्या सभासदांचं काय म्हननं हाय?” माझं काहीच म्हणणं नव्हतं. मला गप्प पाहून ते घाबरले. म्हणाले, “तुमच्या भावना पोचल्या. शिवरस्त्यावर मुरूम टाकून दिऊ.” मी बसलो नाही. ते घाम पुसत म्हणाले, “बरं, खडी टाकू.” मी तरी बसलो नाही. मागून टाळ्या पडायला लागल्या. शेवटी भिमाने सदऱ्याला धरून मला खाली ओढलं, तर आमच्या गावातली माणसं त्याच्याशी महिनाभर बोलत नव्हती. त्यांचं म्हणणं, आणखी थोडा वेळ उभा राहू दिला असता तर डांबर पडलं असतं.

असो. आपल्या अंगणातल्या त्या पडण्यानंतर ऋषिराज मला आणि द्वारकाला गुपचूप एका मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. (त्याने आपल्याला सांगितलं होतं की ठिबकच्या नळ्या आणायला चाललोय. नळ्याही आणल्या, तो खोटं बोलला नाही.) डॉक्टर योगिनी म्हणून आहेत, तरुण बाई, आठवड्यातून एकदा पुण्याहून बारामतीला येतात. मी खुर्चीत बसून माझी कर्मकहाणी सांगत होतो, तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. मी लाकूड. आजवर असं झालं की समोरचा माणूस घाबरून उठायचा. या बाई उठल्या, पण त्यांच्या तोंडावर बोअरला पाणी लागल्यासारखा आनंद! त्यांनी एक हात माझ्या पोटावर आणि एक पाठीवर दाबला आणि म्हणाल्या, दोन्हीकडचे स्नायू एकाच वेळी ओढतायत, एकाने ओढलं की दुसऱ्याने सोडायला हवं, इथे कुणीच सोडत नाही. मग बाईंनी मी सैल पडायची वाट पाहिली आणि बाहेर जाऊन स्वतःच्या हाताने ट्रे पुन्हा पाडला. खात्री करून घ्यायला. शिकलेली माणसं अशी असतात.

मग प्रश्न सुरू झाले. कोणत्या गोळीने सैल पडतं? झोपेत कसे असतात? यावर द्वारका पुढे सरसावली, “झोपल्याव गोधडीगत मऊ असत्यात. उठलं की पुन्यांदा खांब.” बाईंनी मान डोलावली. पुण्याला नेऊन माझ्या पाठीत बारीक सुया खुपसून यंत्राला जोडल्या. मी निपचित पडलेला, आणि यंत्रातून आवाज येतोय जुन्या डिझेल इंजिनाचा. बाई म्हणाल्या, तुम्ही आराम करताय, पण तुमचे स्नायू अजून कामावरच आहेत. रक्त काढून तपासायला पाठवलं. त्यात बाईंना ज्या आकड्याचा संशय होता तोच वाढलेला आला, असायला हवा त्याच्या कितीतरी पट आला. शिवाय साखरही वाढलेली निघाली, पण ऊसवाल्याच्या अंगात साखर निघाली याचं कुणाला नवल वाटलं नाही. (बाई म्हणाल्या, याचंही त्याच्याशी नातं असू शकतं.)

दुखण्याचं नाव आहे स्टिफ पर्सन सिंड्रोम. म्हणजे ताठ माणसाचा आजार. एवढं शिकून डॉक्टर लोकांनी नाव मात्र आमच्या गावकऱ्यांनी ठेवलं असतं तेच ठेवलं. दहा लाखांत एखाद्याला होतो म्हणतात. आपल्याला खोटं कशाला सांगू, मला थोडा अभिमानही वाटला. इंदापूर तालुक्यात एकही पेशंट बाईंना माहीत नाही. (मी मुद्दाम विचारलं.) पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला रडू कोसळलं, विजयसिंहराव. दोन वर्षं मला आपल्यापेक्षाही माझ्याच अंगाची जास्त भीती वाटत होती. घरातून बाहेर पाऊल टाकताना वाटायचं, आज हे मला कुणासमोर पाडणार? मला वेड लागत नव्हतं, मला माज आला नव्हता, माझं एक दुखणं होतं आणि त्याला नाव होतं. द्वारकाने पदराने माझे डोळे पुसले, कारण माझा हात तिथवर जात नव्हता.

बाईंनी समजावलं ते असं. स्नायूंना मेंदूकडून जसा ‘धर’ असा हुकूम येतो तसाच ‘बास, सोड’ असाही यावा लागतो. आपल्या रक्तात रोगराईशी लढणारे राखणदार असतात. माझ्या राखणदारांचं डोकं फिरलं, त्यांनी चोर सोडला आणि ‘सोड’ म्हणणाऱ्या घरच्या माणसालाच धरून बांधलं. म्हणून हुकूम फक्त ‘धर’चा येतो. आवाज झाला की धर, कुणी दचकवलं की धर, मनाला लागलं की धर. तेव्हा मंडपात आपण “सोडा, सोडा” म्हणत होतात ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्या अंगाला ऐकू येत नव्हतं. आपल्याशी भांडण असतं तर मी निदान रुखवत बघून पडलो असतो.

इलाज चालू आहे. स्नायू सैल करायच्या गोळ्या आहेत, त्या मनाच्या डॉक्टरांच्या गोळीच्याच घराण्यातल्या. शिवाय पुण्याला दवाखान्यात ठेवून शिरेतून एक औषध देतात. ते हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून, त्यातले चांगले राखणदार वेगळे काढून करतात म्हणे. म्हणजे हजारो सभासदांचा ऊस एकत्र गाळावा आणि एकच पोतं माझ्या घरी यावं. आजवर मी सहकारात होतो, आता सहकार माझ्यात आहे. त्यात कुणाकुणाचं काय आलं देव जाणे. पहिल्या खेपेनंतर मला भाकरीबरोबर दुसरा कांदा लागायला लागला, ही सवय आमच्या घराण्यातली नाही. आपण तालमीच्या शिबिरात दरसाल रक्त देता. चमचाभर आपलं असेलही, कारण अलीकडे मी बसताना मांडीवर थाप मारतो.

बाई म्हणाल्या, आजार मुळासकट जाईल असं वचन देत नाही, पण ताब्यात राहील, औषध सोडायचं नाही. मला तेवढं पुष्कळ आहे. आता मी काठी घेऊन कालव्यापर्यंत जाऊन येतो. वाकून एका पायातला बूट घालतो, दुसरा द्वारका घालते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती मला आतून हाक मारून सांगते, “आवं, वाजनार हाय!” आणि मी भिंत धरून तयार राहतो. आमच्याकडे आता सगळेच सांगून शिंकतात. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटतं, पण घर शिस्तीत आलंय.

तरी सदर खुलासा वाचून मनातलं किल्मिष काढून टाकावं. सोबत डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली आहे. त्यांचं अक्षर लागलं नाही तर औषधाच्या दुकानात दाखवावी. विहीणबाईंना नमस्कार, म्हशीला चारा, आणि कुत्र्याला माझ्याकडून काहीही सांगू नये.

आपला, वाकता न येणारा पण मनाने केव्हाच वाकलेला व्याही,
रामहरी

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. आपण पाच माणसांदेखत शब्द दिलेला आहे, तो गिळायला मी आपल्याला सांगणार नाही. पण ट्रॅक्टर आपला, आरसी बुक आपल्या नावावर. तेव्हा त्याच्या चाकाला घातलेला साष्टांग मालकाला पोचला असं कायद्याने धरता यावं. पाच माणसांना मी समजावतो, त्यांच्यातले तिघे माझे शेअरधारक बांधव आहेत. एवढं मान्य करून राजलक्ष्मीला बाळंतपणासाठी माहेरी पाठवावं.

आणखी एक ता. क. – वर ‘पाठवावं’ असं लिहिलंय तिथे ‘पाठवलं’ असं वाचावं. पोरगी परवापासून इथेच आहे. ऋषिराजने आपल्याला सांगितलं की बारामतीच्या दवाखान्यात तपासणीला नेलंय आणि अजून नंबर लागायचाय. दवाखान्यात गर्दी असते हे खरं, पण इतकी नसते. तो आमच्या माडीवर बसून आहे, आपला फोन आला की उचलायच्या आधी घोटभर पाणी पितो. आमची हरकत नाही, जावई आहे, पण चौथ्यांदा पुरणपोळी मागताना त्याने आईची आठवण काढायचं थांबवावं. विहीणबाईंना सगळं ठाऊक आहे, डिंकाचे लाडू त्यांनीच बांधून दिले. हे मी लिहिलं असं त्यांना कळू देऊ नये. तेव्हा माझी खरी विनंती एवढीच, की आपली परवानगी तेवढी मागच्या तारखेने द्यावी. म्हणजे कुणी कुणाचा शब्द मोडला असं होणार नाही, आणि बारशाला आपल्याला मानाने येता येईल. मला आपण यायला हवे आहात. हे नुसतं रिवाज म्हणून लिहीत नाही.

बाळाच्या रडण्याने मी पडेन अशी आपल्याला काळजी वाटत असेल. (वाटत नसली तरी वाटावी.) मलाही वाटते. नातवंड पहिल्यांदा रडलं आणि आजा हातात घेण्याऐवजी त्याच्यावरच कोसळला, तर कसं दिसेल? म्हणून मी गोठ्यात जाऊन मोबाइलवर तान्ह्या बाळांच्या रडण्याचे आवाज लावून सराव करतो, आधी हळू, मग मोठ्याने. पहिल्यांदा कडब्यावर पडलो. आता नुसता गच्च होतो आणि उभा राहतो. बाई हसल्या, म्हणाल्या सरावाने आजार जात नाही, भीती जाते, चालू द्या. आमच्या गाईला मात्र पान्हा फुटायला लागलाय.

शेवटचा ता. क., दवाखान्यातून – भिमा टेम्पो घेऊन निघायच्या आधीच घाई झाली. आज सकाळी राजलक्ष्मी बाळंत झाली. दोघीही सुखरूप. मुलगी झाली. मी बाहेर कठडा धरून उभा होतो. आतून रडण्याचा आवाज आला, सांगून नव्हे, एकदम. अंगातून कळ गेली, गुडघे गच्च झाले, आणि मी उभा राहिलो, विजयसिंहराव, उभा राहिलो आणि एवढा मोठा माणूस ढसाढसा रडलो. पडले ते आपले चिरंजीव. नर्सने “तुम्हीच का वडील?” एवढंच विचारलं, आणि ते कुठलंही दुखणं नसताना सरळच्या सरळ गेले. टाळूला टेंगूळ आलंय, बाकी ठीक आहे. नर्सने बाळ त्याला तसंच वरून दाखवलं. आता लगेच भिमाच्या टेम्पोतच बसून या. रंग आमचा आहे, आवाज द्वारकाचा आहे, नाक मात्र आपल्यावर गेलंय. आम्ही सगळ्यांनी निरखून पाहिलं, त्यावर काही इलाज नाही. आणि उशीर करू नका, कारण पोरीने आतापर्यंत लासुर्ण्याचं माणूस एकच पाहिलंय, आणि तेही आडवं.